छापील रिपोर्टसाठी डेटाबेस लागतोच असं कुणी सांगितलं?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात क्लाउड, एआय, डिजिटल कारभार यावर बरंच छापून येतं, आवडीने वाचतो, पण मला लिहायचंय ते एकदम किरकोळ वाटणाऱ्या गोष्टीबद्दल, कागदावर छापायच्या रिपोर्टबद्दल. मी भोसरी-चाकण पट्ट्यातल्या लहान वर्कशॉपना बारकीसारकी सॉफ्टवेअर करून देतो, आणि दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी हातात कोटेशन घेऊन येतंच, की अहो बघा जरा, एवढा खर्च खरंच लागतो का.

परवा असेच एक हीट ट्रीटमेंटवाले आले. त्यांच्या भट्टीचा रेकॉर्डर दर दहा सेकंदांनी तापमान टिपतो आणि ते पेनड्राइव्हवर सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी अक्षरांची फाइल) म्हणून मिळतं. आठ तासांची सायकल म्हणजे 2880 ओळी. त्यावरून गिऱ्हाईक कंपनीला एका पानाचं सर्टिफिकेट द्यायचं, वर बॅच नंबर आणि मटेरियलची ग्रेड, मधे ग्राफ, खाली सही-शिक्का, संपलं. तर कोटेशनमध्ये काय, वेगळा सर्व्हर, डेटाबेसचं (माहिती टेबलांत साठवून हवी ती शोधून देणाऱ्या सॉफ्टवेअरचं) लायसन आणि वर दरवर्षीचं एएमसी, म्हणजे देखभालीचा करार. कारण काय दिलं तर म्हणे रिपोर्ट काढायचा तर डाटा आधी डेटाबेसमध्ये पाहिजेच.

हे खोटं सांगतात असं मी म्हणत नाही, बऱ्याच जणांना मनापासून तसंच वाटतं. 1993 साली व्हिज्युअल बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या तिसऱ्या आवृत्तीबरोबर क्रिस्टल रिपोर्ट्स हे रिपोर्ट काढायचं टूल आलं, आमची अख्खी पिढी त्यावर शिकली, आणि क्लासमध्ये रिपोर्टचा धडा सुरूच व्हायचा टेबल कुठलं जोडायचं इथून. त्यामुळे डोक्यात बसलं ते बसलंच. खरं तर रिपोर्ट थोरला आणि डेटाबेस धाकटा. आयबीएमने आरपीजी ही भाषा काढली 1959 मध्ये, तिचं नावच मुळी रिपोर्ट प्रोग्रॅम जनरेटर, आणि तिला डाटा मिळायचा तो 80 कॉलमच्या, भोकं पाडलेल्या पंचकार्डांच्या गठ्ठ्यातून, तर टेबलांच्या डेटाबेसची कल्पना मांडणारा, आयबीएमचेच संशोधक कॉड यांचा पेपर आला 1970 मध्ये. मधली अकरा वर्षं काय लोक पगारपत्रकं हाताने लिहीत होते का?

रिपोर्टचं टूल कुठलंही घ्या, त्याला खरं लागतं काय तर एकामागून एक ओळी आणि प्रत्येक ओळीत ठरलेले रकाने, बास. टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पानाच्या साच्यात, पट्टे असतात, शीर्षकाचा एक, पानाच्या डोक्याचा एक, मग डिटेलचा पट्टा जो दर ओळीला पुन्हा छापला जातो, आणि शेवटी बेरजेचा. ओळ डेटाबेसमधून आली का फाइलमधून का प्रोग्रॅमने मेमरीत बनवलेल्या यादीतून, याच्याशी त्या पट्ट्याला घेणंदेणं नाही. जॅस्पर रिपोर्ट्स हे तसलंच दुसरं टूल सीएसव्ही किंवा एक्सएमएल फाइल, मेमरीतली यादी सगळं घेतं, क्रिस्टललाही मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमधला डेटासेट (मेमरीतली टेबलं) भरून हातात देता येतो, आणि सोसायटीच्या पावत्यांना तर एक्सेल आणि वर्डचा मेल मर्ज (एकाच मजकुरात दर ओळीचे नाव-आकडे भरून देणारी सोय) पुरतो.

आता घोडं पेंड खातं ते कुठे, ते पण सांगतो, नाहीतर म्हणाल हा फक्त एकच बाजू सांगतोय. डेटाबेस काही कामं गुपचूप करून देत असतो आणि तो काढला की ती आपल्या अंगावर येतात. पहिलं म्हणजे क्रम. जॅस्परमध्ये सोसायटीच्या बिलांचा विंगवार ग्रुप केला आणि फाइलमधल्या ओळी विंगप्रमाणे लावलेल्याच नसतील तर ए विंगचं शीर्षक पाच वेळा छापून येतं आणि प्रत्येकाखाली वेगळी बेरीज, आणि माणूस टूलला शिव्या घालत बसतो. दुसरं म्हणजे सीएसव्हीत सगळं अक्षरंच असतं, आकडा म्हणून वाचला नाही तर 1 नंतर 10, मग 11 आणि 2 कुठेतरी खाली. आणि तिसरं, ज्यात मी स्वतः तासच्या तास घालवलेत, नुसती वरून दिलेली माहिती छापायचं सर्टिफिकेट असेल, एकही ओळ नसेल, तर जॅस्पर एक पानसुद्धा काढत नाही, त्याला एक रिकामी ओळ तरी हातात द्यावी लागते, नाहीतर डाटा नसला तरी पान काढ असं सेटिंग करावं लागतं.

आणि एक्सेलबद्दल बोलावं तेवढं थोडं. आमच्या सोसायटीत 30 सप्टेंबरच्या आत एजीएम घ्यायची म्हणून घाईघाईत बिलं छापली, फ्लॅट नंबर इमारत-फ्लॅट असा लिहिलेला, तर 3-11 च्या काकूंच्या बिलावर फ्लॅटच्या जागी 3 नोव्हेंबर. काकू म्हणाल्या, ही शेवटची तारीख का? वीजबिलाचा बारा आकडी ग्राहक क्रमांक असाच मधेच ई टाकून आखूड करून दाखवतो. ते रकाने आधीच टेक्स्ट करून ठेवायचे, हा सोपा इलाज. शास्त्रज्ञसुद्धा यातून सुटले नाहीत, मार्च आणि सेप्टने सुरू होणाऱ्या जनुकांच्या नावांच्या एक्सेल तारखा करायचा म्हणून 2020 मध्ये ती नावंच बदलायची वेळ आली.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये कोविडचे 15,841 रुग्ण यादीतून गळले, कारण प्रयोगशाळांकडून आलेल्या सीएसव्ही फाइली एक्सेलच्या जुन्या फॉरमॅटमध्ये ओतल्या जात होत्या आणि त्यात 65,536 च्या पुढे ओळच मावत नाही. आल्या किती आणि उतरल्या किती एवढं जरी कुणी मोजलं असतं तरी त्याच दिवशी सापडलं असतं.

डेटाबेस नकोच असंही माझं म्हणणं नाही. चार जण एकाच वेळी नोंदी करतायत, पाच वर्षांपूर्वीची बॅच मिनिटात शोधायचीय, तर घ्या की, फुकटातले पण चांगले मिळतात. पण एका फाइलीतून एक पान छापायचंय तिथे मधे डेटाबेस बसवायचा म्हणजे सदाशिव पेठेतून नारायण पेठेत जायला हडपसरमार्गे रिक्षा करण्यासारखं आहे.

त्या हीट ट्रीटमेंटवाल्यांचं काम मी डेटाबेसशिवायच केलं. फाइल वाचायची, मेमरीत यादी, यादी टेम्प्लेटला, पीडीएफ, प्रिंट. आणि तरी मार खाल्लाच. काही महिन्यांनी गिऱ्हाइकाच्या ऑडिटरने जुन्या सर्टिफिकेटची कॉपी मागितली, आम्ही पुन्हा छापलं तर ग्राफला जिन्यासारख्या पायऱ्या. शोधलं तर कुणीतरी मधे ती सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडून सहज सेव्ह केलेली, एक्सेलने वेळेतले सेकंद उडवले आणि एकाच मिनिटावर सहा-सहा ओळी बसल्या. चूक माझीच, मूळ फाइल मी उघडी ठेवली होती. आता फाइल आली की तिची कॉपी रीड-ओन्ली (फक्त वाचता येणाऱ्या) फोल्डरमध्ये जाते, छापलेली पीडीएफ तिच्या शेजारीच राहते, आणि सर्टिफिकेटच्या तळाला बारीक अक्षरात फाइलचं नाव, छापल्याची वेळ आणि वाचलेल्या ओळी छापून येतात. ऑडिटर आता ग्राफच्या आधी तो 2880 चा आकडा बघतो म्हणे.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे