चपट्या पिनांच्या सॉकेटमागे २३० व्होल्ट नकोत

माननीय संपादक महोदय,

परदेशी पाहुण्यांची सोय म्हणून हॉटेलच्या खोल्यांत त्यांच्याकडच्या आकाराची सॉकेटे बसवली जातात. आकार त्यांचा, पण मागे व्होल्टेज इमारतीचेच, असे असेल तर ती सॉकेटे काढून टाकावीत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दोन चपट्या पिनांचे अमेरिकी सॉकेट दिसले की पाहुणा तिथे १२० व्होल्ट आहेत असेच धरून चालतो. १२० व्होल्टला १८७५ वॅट घेणारा हेअर ड्रायर २३० व्होल्टवर लावला, तर कागदावर त्याची शक्ती ३.६७ पट होते, म्हणजे सुमारे ६,९०० वॅट आणि ३० अँपिअर. १६ अँपिअरचा एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) हा दुपटीहूनही कमी ओव्हरलोड समजतो आणि पडायला वेळ घेतो. तोवर ड्रायरची कॉइल आणि प्लास्टिक दोन्ही गेलेले असते. सगळ्या देशांच्या पिना घेणारे ‘युनिव्हर्सल’ सॉकेटही याच कारणाने वाईट. शिवाय जर्मन पद्धतीच्या प्लगची अर्थ बाजूच्या पट्ट्यांवर असते. नुसत्या भोकांच्या सॉकेटमध्ये ती कशालाच टेकत नाही.

मुळात गरज किती, हे आधी पाहावे. मोबाइल, लॅपटॉप, कॅमेरा यांच्या चार्जरवर बहुधा १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असे छापलेले असते. त्यांना फक्त पिन जुळवायची असते. पलंगाशेजारी यूएसबी-सी, रिसेप्शनवर चार-सहा चांगले अडॅप्टर आणि खोलीत हॉटेलचाच ड्रायर व किटली एवढ्यावर बहुतेकांचे काम भागते. न्हाणीघरातले शेव्हर सॉकेट हा वेगळा प्रकार. त्यात २० ते ५० व्होल्ट-अँपिअरचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (इनपुट आणि आउटपुटच्या वाइंडिंग एकमेकींना न जोडलेला) असतो. ड्रायर लावला की त्याचा थर्मल कटआउट (तापल्यावर पुरवठा तोडणारा स्विच) उघडतो आणि ‘सॉकेट बंद पडले’ म्हणून तक्रार येते.

तरीही खरेच १२० व्होल्ट द्यायचे असतील तर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरच घ्यावा. ऑटोट्रान्सफॉर्मर (इनपुट-आउटपुटला एकच वाइंडिंग असलेला) लहान आणि स्वस्त पडतो, पण त्याच्या सामाईक वाइंडिंगची तार तुटली की सॉकेटवर थेट २३० येतात. इनपुटचे फेज-न्यूट्रल उलटे जोडले गेले, तर आउटपुटच्या ‘न्यूट्रल’वर अर्थच्या तुलनेत २३० व्होल्ट उभे असतात, आणि उपकरण मात्र व्यवस्थित चालत राहते, त्यामुळे कुणाला पत्ताही लागत नाही. थायरिस्टरवर (इलेक्ट्रॉनिक स्विचवर) चालणारे हलके ‘कन्व्हर्टर’ तर भिंतीत बसवूच नयेत.

ड्रायरसाठी २ केव्हीएचा (२,००० व्होल्ट-अँपिअरचा) ट्रान्सफॉर्मर लागतो. तो चालू करताना क्षणभर प्रवाह कित्येक पट उसळतो, म्हणून प्रायमरीला (इनपुटच्या वाइंडिंगला) बी नव्हे, अशी क्षणिक उसळी सोसणारा सी किंवा डी कर्व्हचा एमसीबी लावावा. सेकंडरीचे (आउटपुटच्या वाइंडिंगचे) एक टोक अर्थला जोडून न्यूट्रल करावे आणि त्यापुढे १६ अँपिअरचा एमसीबी व आरसीसीबी (अर्थकडे गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) स्वतंत्र बसवावा. मुख्य बोर्डावरच्या आरसीसीबीला ट्रान्सफॉर्मरपलीकडची गळती दिसत नाही. २३० व्होल्टसाठी बनवलेल्या आरसीसीबीचे टेस्ट बटण १२० वर दगा देऊ शकते. तेव्हा कमी व्होल्टेजला चालणारेच मॉडेल मागवावे. २३० च्या तुलनेत १२० व्होल्टवर तेवढ्याच वॅटना तारेतली व्होल्टेजची टक्केवारीतली घट जवळजवळ चौपट होते, म्हणून ट्रान्सफॉर्मर सॉकेटजवळ हवा. पण पलंगाच्या पाठीमागे नको. ५० हर्ट्झवर तो १०० हर्ट्झची घरघर करतो आणि पाहुणा रात्रभर ती ऐकतो. रबरी पॅड, खाली-वर हवेला वाट आणि बंद कपाट टाळणे, हे पाळावे.

अमेरिकी सॉकेटच्या पट्टीवरील स्क्रूंचे अंतर सुमारे ८३ मिमी असते, युरोपीय गोल बॉक्सचे ६०. तेव्हा ओढूनताणून बसवण्यापेक्षा बॉक्सच बदलावा. लांब खाच न्यूट्रलची, पितळी स्क्रू फेजचा, चंदेरी न्यूट्रलचा, हिरवा अर्थचा. ट्रान्सफॉर्मर फ्रिक्वेन्सी बदलत नाही. ६० हर्ट्झचे मेन्सवर चालणारे घड्याळ ५० वर तासाला १० मिनिटे मागे पडेल. जपानी १०० व्होल्टचे तापणारे उपकरण १२० वर १.४४ पट शक्ती घेते. त्या पाहुण्याला हे सॉकेट देऊ नये.

अमेरिकेतल्या हॉटेलात २३० ची सोय करताना अडचण वेगळी. तिथे दोन फेज घेऊन २४० किंवा तीन-फेज इमारतीत २०८ व्होल्ट मिळतात. दोन्ही पिना जिवंत असतात, त्यामुळे डबल-पोल ब्रेकर अनिवार्य. आणि २०८ वर २३० व्होल्टची किटली ८२ टक्केच शक्तीने तापते.

सॉकेटच्या चौकटीवरच ‘१२० व्होल्ट, ५० हर्ट्झ, कमाल अमुक वॅट’ असे न पुसणाऱ्या अक्षरांत कोरावे. चिकटवलेली पट्टी सफाईच्या फडक्याने निघून जाते.

आपले,
हॉटेलांच्या वायरिंगची कामे करणारे विद्युत तंत्रज्ञ