कॅसेटी पुन्हा ऐकत्या करणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

दुकानात गाण्यांची यादी देऊन भरून घेतलेल्या, नंतर वर्षानुवर्षं माळ्यावर पडून राहिलेल्या कॅसेटी तुम्ही आम्हा काही जणांना पुन्हा ऐकत्या करून दिल्यात. सध्या घरात तीच गाणी चालू असतात. त्याबद्दल मनापासून आभार. हे पत्र जाहीर लिहितोय, कारण पुण्यात अशा कॅसेटी अजून पुष्कळ घरांत असणार आणि तुमची पद्धत त्यांनाही कळायला हवी.

सगळ्यांत मोठे आभार एका गोष्टीचे: तुम्ही गाणी सुटी केली नाहीत. प्रत्येक बाजूची एक सलग फाइल दिलीत. यातली बहुतेक गाणी आज फोनवर सहज मिळतात. पण भावगीतानंतर नाट्यपद, त्यापाठोपाठ लावणी आणि मग एकदम सनई, हा क्रम कुठेच मिळत नाही. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ३० मिनिटांची. साडेतीन मिनिटांची आठ गाणी भरली की दोन मिनिटं उरतात. त्या उरलेल्या जागेत सतारीची छोटी धून घातली की अभंगाचं एकच कडवं, यावरून निवडणाऱ्याचा कान कळतो. आकाशवाणीवरून भरलेल्या गाण्याआधी निवेदिकेचं अर्धं वाक्य आलंय, तेही तुम्ही ठेवलंत. गाणी आपोआप वेगळी करणारं सॉफ्टवेअर हळू आवाजाची जागा शोधून कापतं. ख्यालाच्या सुरुवातीचा मंद तंबोरा त्यात हमखास जातो.

कॅसेट हातात आली की तुम्ही ती लगेच डेकमध्ये, म्हणजे कॅसेट वाजवणाऱ्या यंत्रात, घालत नाही, आधी कॅसेटच्या खिडकीतून फीत बघता. इथल्या पावसाळ्यात फितीच्या कडेला पांढरी बुरशी धरते. तशी कॅसेट पुढे-मागे पळवली तर बुरशी डेकमध्ये पसरते आणि तिथून पुढच्या कॅसेटला लागते, म्हणून तिची सफाई आधी आणि वेगळी. फीत स्वच्छ असेल तर वरच्या कडेच्या दोन्ही पाकळ्या मोडायच्या, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी काही पुसलं जाणार नाही. मग एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे. इतकी वर्षं चिकटून बसलेली फीत त्याने मोकळी होते आणि ताण सारखा होतो.

आवाज एकदम दबका आला तर दोष बहुधा फितीत नसतो. फितीला हेडवर (डेकमधला फीत वाचणारा भाग) टेकवून धरणाऱ्या फेल्टच्या गादीचा गोंद वाळतो आणि गादी गळून पडते. पाच स्क्रूचं कवच असेल तर दुसऱ्या कॅसेटची गादी बसवता येते. कवच चिकटवलेलं असेल तर ते जपून फोडून फीत नव्या कवचात घालावी लागते.

पण खरी कसोटी हेडच्या कोनाची. कॅसेटची फीत जेमतेम ३.८१ मिलिमीटर रुंद आणि त्यातच दोन्ही बाजूंचे मिळून चार ट्रॅक. ज्या डेकवर गाणी भरली त्याच्या हेडचा कोन तुमच्या डेकपेक्षा जरा जरी वेगळा असला, तरी टाळ, घुंगरू, ‘स’ आणि ‘श’ बोथट होतात. हेडशेजारचा स्प्रिंगवाला स्क्रू किंचित फिरवायचा, डावा-उजवा आवाज एकत्र करून ऐकायचा आणि टाळ सगळ्यांत लख्ख वाजतील तिथे थांबायचं. हे तुम्ही प्रत्येक कॅसेटला करता, कारण दुकानं वेगळी आणि डेकही वेगळे. काम सुरू करण्याआधी स्क्रूच्या मूळ जागेवर रंगाची खूण करायची, हेही तुमच्याकडूनच कळलं.

संगणकात घेताना डेकच्या लाइन-आउट या जोडणीतूनच आवाज घ्यायचा. लॅपटॉपचं भोक बहुधा माइकचं असतं, त्यात तो फाटतो, म्हणून मध्ये यूएसबीचा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे आवाज संगणकात नेणारी छोटी पेटी. सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ द्यायचा नाही. ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, वेव्ह फाइल: एका साठच्या कॅसेटला साधारण एक जीबी. मागे घूं असा आवाज आला तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघायचा.

फितीची सूंसूं मात्र तुम्ही जवळपास तशीच ठेवलीत आणि ते फार बरं केलंत. सूंसूं अखंड असते, तंबोराही अखंड. सॉफ्टवेअरला दोन्ही सारखेच वाटतात. सूंसूं जास्त काढली की तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा झंकार, जाते आणि गळा पाण्यातून आल्यासारखा होतो. मीडियम वेव्हवरून भरलेल्या गाण्यांचा ट्रेबलही तुम्ही चढवला नाहीत. तिथे मुळात वरची, बारीक कंपनं आलेलीच नाहीत, चढवला असता तर नुसती खरखर.

आतल्या कागदावरची हस्ताक्षरातली यादी स्कॅन करून त्याच फोल्डरमध्ये ठेवलीत, त्याचेही आभार.

पाऊस उघडला की पुढच्या कॅसेटी घेऊन येतो. त्यात नव्वद मिनिटांच्या बऱ्याच आहेत. त्यांची फीत पातळ, म्हणून चाकं फिरवणारा रबरी बेल्ट नवा असलेल्या डेकवरच त्या लावाव्यात ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपले,
बुधवार पेठेत येणारे तुमचे श्रोते