उद्योगांची टक्केवारी आणि कामगारांचे आजार

महोदय,

कोणत्या उद्योगात किती टक्के कामगारांना आरोग्य विमा आहे, याची तुलना करणारा तक्ता आपल्या रविवारच्या पुरवणीत पाहिला. असे तक्ते छापले जावेत, असे मला मनापासून वाटते. मात्र कारखान्यांच्या दवाखान्यांत परिचारिका म्हणून उभी हयात काढल्यामुळे ती टक्केवारी वाचताना पहिला प्रश्न पडतो : यात मोजले कोणाला?

रुग्णालयाचेच पाहा. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर, परिचारिका आणि वापरलेल्या सुया, रक्ताचे बोळे उचलणारी सफाई कामगार, सगळे एकाच छताखाली. रक्तातून पसरणाऱ्या हेपेटायटिस बी या यकृताच्या आजाराचा धोका तिघांनाही आहे. पण सफाई कामगाराचा पगार कंत्राटदार देत असेल, तर ती बहुतेक वेळा रुग्णालयाच्या नव्हे, सफाई सेवेच्या खात्यात मोजली जाते. साहजिकच आरोग्यसेवेची टक्केवारी चांगली दिसते.

दुसरी अडचण मला याहून मोठी वाटते. आमच्याकडे तपासणीला आलेला एक सुरक्षारक्षक आठवतो. खोकला, चार पायऱ्या चढला की धाप. क्षयाची औषधे घेऊन झाली होती, गुण नव्हता. बोलता बोलता कळले, की तरुणपणी तो सँडब्लास्टिंग करायचा, म्हणजे वाळूच्या झोताने लोखंडावरचा गंज काढायचा. डॉक्टरांनी एक्स-रे पुन्हा पाहिला आणि सिलिकोसिसचे निदान केले. वाळूतल्या सिलिकाची धूळ फुप्फुसात जाऊ लागल्यापासून हा आजार दिसेपर्यंत बहुधा दहा-वीस वर्षे लोटतात. तोवर ते काम सुटलेले असते, मालक बदललेला असतो आणि त्या नोकरीबरोबरचा विमाही संपलेला असतो. नव्या विमा कंपनीने त्याचा दावा ‘आधीपासूनचा आजार’ म्हणून फेटाळला. तक्त्यात मात्र हा माणूस ‘सुरक्षा सेवा, विमा आहे’ असाच मोजला गेला असणार.

शिवाय ज्यांना धुळीचे काम झेपत नाही, ते सोडून जातात. मागे राहिलेले तपासले की बरेचसे धडधाकट निघतात आणि त्या उद्योगात आजार कमी आहेत, असा समज होतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अंदाजानुसार कामाशी संबंधित कारणांनी जगात वर्षाला सुमारे २९ लाख ३० हजार माणसे दगावतात. त्यांतले अपघाती मृत्यू सुमारे ३ लाख ३० हजार, बाकीचे आजारांनी झालेले. म्हणून नुसता अपघात विमा दाखवून ‘आमचे कामगार सुरक्षित आहेत’ म्हणणाऱ्या मालकांचे मला कधीच पटले नाही.

बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० सालीच सांगून ठेवले होते, की रोग्याला नेहमीचे प्रश्न विचारून झाले की तो काम काय करतो, हेही विचारावे. ते विचारले आणि टिपून ठेवले तर काय हाती लागते, हे कोविडच्या काळात दिसले. इंग्लंड आणि वेल्समध्ये सुरक्षारक्षक, टॅक्सीचालक, बसचालक आणि आचारी यांपैकी पुरुषांचे मृत्यूचे प्रमाण अधिक असल्याचे २०२० मध्येच स्पष्ट झाले, कारण तेथे मृत्यूच्या नोंदीत व्यवसाय लिहिला जातो.

विमा कंपन्यांच्या आणि रुग्णालयांच्या अर्जांत आताचे काम, सर्वांत जास्त वर्षे केलेले काम आणि पगार मालक देतो की कंत्राटदार, एवढे तरी विचारले जावे. अर्ज भरून घेणाऱ्याची फार तर दोन मिनिटे जास्त जातील. आणि आपण पुढचा तक्ता छापाल, तेव्हा कंत्राटी कामगार कोणत्या ओळीत धरले आहेत, याची तळटीप द्यावी, ही विनंती.

– एक निवृत्त परिचारिका