जहाजवाल्या काकांस, त्या दोन रेकॉर्डींबद्दल

ती. काकांस,
सा. न.

समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही "आधी चहा घे" म्हणून विषय बदलता. म्हणून हे उघड पत्र. डोंबिवलीतल्या आपल्या निम्म्या बिल्डिंगीला वाटतं, मी तुमच्याकडे रोज फुकटचा चहा प्यायला येतो. तेही खरंच आहे म्हणा.

गेल्या वर्षी आमच्या ऑर्केस्ट्राचा ड्रमर क्रूझवर कॉन्ट्रॅक्ट मिळालं म्हणून गेला. अकरा वर्षं मी त्याच्या शेजारी उभा राहून सॅक्सोफोन वाजवला होता. त्याच्या जागी बावीस वर्षांचा पोरगा आला. मी त्याच्या हातात जुन्या प्रोग्रॅमचा पेन ड्राइव्ह ठेवला आणि सांगितलं, "अस्संच वाजव." तिसऱ्या प्रोग्रॅमनंतर केबल गुंडाळता गुंडाळता तो म्हणाला, "दादा, तुम्हाला ड्रमर नकोय, तो माणूस हवाय. त्यालाच बोलवा." आणि गेला.

त्या रात्री मी तुमच्याकडे येऊन त्याच्या नावाने बोटं मोडत होतो. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. कपाटातून दोन एलपी काढल्यात. पहिलीच्या कव्हरवर 1976 च्या कालनिर्णयचं पान चिकटवलेलं. अॅव्हरेज व्हाइट बँडच्या बोधचिन्हातला डब्ल्यू म्हणजे बाईची पाठमोरी आकृती, ती काकूंना दिवाणखान्यात नको होती. ग्लासगोच्या बंदरातून तुम्ही एवढ्या हौसेने आणलेली रेकॉर्ड एकादशी-चतुर्थीच्या आड गेली.

मग गोष्ट सुरू झाली. स्कॉटलंडची गोरी पोरं, 1972 मध्ये जमलेली, आणि वाजवतात अमेरिकन काळ्यांचं संगीत, फंक आणि सोल. बेस आणि गाणं अॅलन गोरी, गिटारवर ऑनी मॅकिन्टायर आणि हेमिश स्टुअर्ट, सॅक्सोफोनवर रॉजर बॉल आणि मॉली डंकन, ड्रमवर रॉबी मॅकिन्टॉश. पहिल्या कंपनीने पुढचं रेकॉर्डिंग नाकारलं, मग अटलांटिक कंपनीने घेतलं. निर्माता अरीफ मार्दिन, मूळचा इस्तंबूलचा. 1974 च्या उन्हाळ्यात ही रेकॉर्ड बाजारात आली. सप्टेंबरमध्ये लॉस एंजेलिसच्या एका पार्टीत मॅकिन्टॉशने कोकेन समजून हेरॉईन घेतलं आणि चोविसाव्या वर्षी गेला. अॅलन गोरीनेही तेच घेतलं होतं. त्याला गायिका शेरने झोपू दिलं नाही, म्हणून तो वाचला. फेब्रुवारी 1975 मध्ये रेकॉर्डवरचं 'पिक अप द पीसेस' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. ज्याच्या तालावर ते गाणं उभं आहे, तो तोवर पाच महिन्यांपूर्वीच गेलेला.

हे सांगताना तुम्ही चष्मा पुसत होतात. माझं लक्ष नव्हतं असं समजू नका.

त्याच्या जागी आला स्टीव्ह फेरोन, ब्रायटनचा. दोघं मित्र, आणि दोघंही वेगवेगळ्या काळात ब्रायन ऑगरच्या बँडमध्ये वाजवून आलेले. नावात 'व्हाइट' असलेल्या बँडच्या ड्रमवर काळा माणूस! (अमेरिकेतला फंकचा मोठा गायक जेम्स ब्राऊन, त्याच्या वादकांनीही तेव्हा ए.ए.बी.बी. या नावाने, म्हणजे 'अबव्ह अॅव्हरेज ब्लॅक बँड', एक रेकॉर्ड काढून त्यांची फिरकी घेतली, हे तुमच्याच तोंडून ऐकलं.) पुढची रेकॉर्ड 'कट द केक', 1975 ची, म्हणजे तुमच्या हातातली दुसरी, त्यांनी मॅकिन्टॉशला अर्पण केली.

तुम्ही आधी 'पिक अप द पीसेस' लावलंत, मग 'कट द केक'. मला काहीच फरक कळेना. सुई उचललीत, परत ठेवलीत. तिसऱ्यांदा म्हणालात, "सॅक्सोफोन ऐकू नकोस. ते तुला येतं. हाय-हॅट ऐक, ड्रमच्या बाजूची ती पायाने मिटणारी झांजांची जोडी." तेव्हा कुठे ऐकू आलं. मॅकिन्टॉश आरामखुर्चीत रेलून बसल्यासारखा वाजवतो, घाई म्हणून नाही. फेरोन ताठ बसलेला, प्रत्येक ठोका नेमका, खाली जमीन पक्की. आणि गंमत म्हणजे बाकीचे सगळे त्याच्याबरोबर थोडे थोडे सरकलेत. गिटार वेगळ्या जागी खरवडते, बेस आखडता हात घेतो. फेरोनला कुणी मॅकिन्टॉश व्हायला सांगितलेलं ऐकू येत नाही.

पुढची माणसांची ये-जा तुम्ही भराभर सांगितलीत, मीही तेवढीच लिहितो. ऐंशीच्या दशकात बँड मोडला, 1989 मध्ये गोरी, मॅकिन्टायर आणि बॉल यांनी परत उभा केला. हेमिश स्टुअर्ट पॉल मॅकार्टनीच्या बँडमध्ये वाजवायला लागला, फेरोन पुढे अमेरिकन रॉक गायक टॉम पेटीकडे. डंकन 2019 मध्ये वारला. 2024 च्या निरोपाच्या दौऱ्यापर्यंत पहिल्यापासूनचे दोघंच उरले होते, गोरी आणि मॅकिन्टायर.

दुसऱ्या दिवशी मी त्या पोराला फोन केला. माफी मागताना जीभ अडखळली, पण मागितली. आल्यावर म्हटलं, तू तुझं वाजव, मी बघतो. काका, अकरा वर्षं मी एका ठरलेल्या जागी श्वास घेत होतो, त्या ड्रमरच्या फिलच्या, म्हणजे दोन ओळींमधली जागा भरणाऱ्या तुकड्याच्या, आधी. हा पोरगा तिथे फिल टाकतच नाही, नुसती जागा रिकामी सोडतो. पहिल्या तालमीला मी तिथे दोनदा तोंडघशी पडलो. कीबोर्डवाला हसला. आता त्या रिकाम्या जागेत मी एकच लांब सूर धरतो आणि श्वास पुढच्या ओळीत घेतो. गणपतीत दहाही दिवस प्रोग्रॅम झाले. पोरगा टिकलाय, आणि ड्रमरऐवजी ऑक्टोपॅड, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पॅड, आणूया म्हणणाऱ्यांची तोंडं बंद झालीत.

क्रूझवरच्या मित्रालाही सगळं कळवलंय. त्याने उत्तरात फक्त हसरं तोंड पाठवलं.

दोन्ही एलपी रविवारी आणून देतो. कालनिर्णयचं पान एका कोपऱ्यात सुटत चाललंय, डब्ल्यूचा थोडा भाग दिसायला लागलाय. चिकटपट्टी लावू, की आधी काकूंना विचारू?

तुमचा,
तिसऱ्या मजल्यावरचा सॅक्सोफोनवाला