सही करून झाल्यावरचं पत्र

ती. बाबा आणि प्रिय आई,
सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर बाबा गप्प बसले असते आणि मी रडले असते, म्हणून पत्र. लॅबमधली मुदत आणखी दोन वर्षं वाढवून घेतलीय. सही परवाच केली. तुम्हाला आधी विचारलं नाही, कारण तुम्ही 'राहा' म्हणाला असतात, आणि तो शब्द तुमच्याकडून वदवून घ्यायचं माझ्या जिवावर आलं.

आई, तुझ्या केमोतलं ते लाल औषध, डॉक्सोरुबिसिन. नाव काढलं तरी तुला मळमळतं, एकदाच काढते. तेच आता माझ्या डिशमध्ये आहे. दहा नॅनोमीटरहून लहान अशा कार्बनच्या कणांवर ते चढवायचं आणि कणांना फॉलिक आम्ल जोडायचं. बऱ्याच कर्करोगपेशींवर हे आम्ल पकडणारे रिसेप्टर जास्त असतात, त्या कणांना आत ओढतात. पेशीत आम्लता वाढली की औषध सुटतं. सूक्ष्मदर्शकाखाली कण निळे चमकतात, औषध लालसर; कोण कुठवर पोचलं ते दिसतं. तुला मात्र ते सगळ्या अंगाने सोसावं लागलं. म्हणून राहतेय. (फक्त म्हणून नाही. मला हे काम आवडतंही, खोटं कशाला बोलू.)

बाबा, वीज गेली की मी मेणबत्तीवर वाटी धरून काजळी जमवायचे आणि तुम्ही ओरडायचात, आठवतं? तसल्याच काजळीतून २००७ साली असे चमकणारे कण वेगळे केले गेले. ओरडणं परत घ्या!

पण 'मुलीने औषध शोधलं' असं कुणाला सांगत फिरू नका. माझं काम अजून डिशमधल्या पेशींवरच आहे. शरीरात हे कण किती काळ राहतात, यकृतात साठतात का, हे बघण्यातच वर्षं जातील. आई, "तुझं औषध येईलच की," असं हसत म्हणून तू तपासणी पुढे ढकललीस, तेव्हा मला हसू आलं नाही. त्या लाल औषधाचा हृदयावरचा परिणाम वर्षांनंतरही दिसू शकतो. हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, करायचाच. जिना चढताना धाप लागली तर 'वय झालं' म्हणून सोडायचं नाही. बाबा, फाइल तुम्ही सांभाळा, ती लपवते.

माझी काळजी नको. खोली उबदार आहे, वेळेवर जेवते, हातमोजे घातल्याशिवाय कशाला हात लावत नाही. झोपताना अजून तुझी शाल लागते, तेवढं कुणाला सांगू नकोस.

इकोची तारीख कळवा. त्या दिवशी लॅबमध्येही फोन चालू ठेवीन.

तुमची,
ठमी