आधी डिग्री की आधी वर्दी?

नाशिक, नोव्हेंबर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा तुम्ही म्हणालात, "आधी इंजिनीअरिंग करू दे, मग काय बंदूक-बिंदूक उचलायची ती उचल म्हणा." फोनवर वाद नको म्हणून लिहिते आहे. आई, तू हे मोठ्याने वाचून दाखव. चष्मा सापडत नाही ही सबब बाबांना चालू देऊ नकोस.

माझ्या बदल्यांमुळे पोट्टा बारावीला तुमच्याकडे आहे, म्हणजे रोजची भुणभुण तुमच्याच कानांशी. त्याला खडकवासल्याला एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत जायचं आहे. तिथे तीन वर्षांनी जेएनयूची पदवी मिळते आणि लष्करात जाणारी मुलं पुढचं एक वर्ष डेहराडूनच्या लष्करी अकादमीत काढतात. म्हणजे डिग्री बुडत नाही. लेखी परीक्षा ९०० गुणांची, त्यात गणिताचे ३००. गणिताची मला काळजी नाही. पण इंग्रजीला २०० गुण आहेत आणि तिथे आपलं घोडं अडतं. बाबा, तुमचा इंग्रजी 'हितवाद' वाचून झाला की रद्दीत टाकण्याआधी अर्धा तास त्याच्या हातात द्या.

तुम्हाला इंजिनीअरच हवा असेल, तर टीईएस म्हणून लष्कराची योजना आहे. बारावीला फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्समध्ये ६० टक्के लागतात, जेईई मेन दिलेली लागते, वेगळी लेखी परीक्षा नाही. नाव यादीत आलं की थेट एसएसबी, म्हणजे अधिकारी निवडायच्या चाचण्या आणि मुलाखत, पाच दिवसांची. मग तीन वर्षं लष्कराच्या इंजिनीअरिंग कॉलेजात, म्हणजे पुण्याचं सीएमई, महू किंवा सिकंदराबाद, आणि एक वर्ष डेहराडून. शेवटी हातात बीटेक आणि खांद्यावर दोन तारे. कागदावर हीच सगळ्यांत सरस, तुमचंही समाधान. पण साऱ्या देशातून जागा ९० च्या आसपास, आणि जेईईचा स्कोअर चांगला असेल तरच एसएसबीचं बोलावणं. त्याने दोन्हीकडे अर्ज करावा. भरवसा मात्र एनडीएवर ठेवावा असं मला वाटतं. तिथे तिन्ही दलांची मुलं एकत्र घडतात, ते सीएमईत मिळणार नाही.

शेजारच्या काकांनी अमेरिकेतल्या कॉलेजांचं सांगितलं, ते खरं आहे. व्हर्जिनियात व्हीएमआय १८३९ पासून आहे, चार्ल्सटनचं सिटाडेल १८४२ पासून. चार वर्षं गणवेश, पहाटेची कवायत, पण सैन्याची शिष्यवृत्ती घेऊन करार केला नसेल, तर पदवीनंतर बँकेत जा नाहीतर दुकान टाका, कोणी अडवत नाही. व्हर्जिनिया टेक आणि टेक्सस ए अँड एममध्ये तर कॅडेट आणि साधी मुलं एकाच वर्गात बसतात. आपल्याकडे तसं नाही. एनडीएत जाताना आईवडील बाँड लिहून देतात, आणि मुलगा स्वतःहून सोडून आला तर प्रशिक्षणाचा खर्च भरावा लागतो. काकांना म्हणावं, तिकडची मोकळीक इकडे शोधू नका.

आई, "पाय मोडला तर?" हा तुझा प्रश्न मी हसण्यावारी नेलेला नाही. प्रशिक्षणात जायबंदी होऊन घरी आलेल्या कॅडेटना माजी सैनिक धरत नाहीत, कारण अजून कमिशन, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक, झालेलं नसतं. महिन्याला सानुग्रह रक्कम मिळते, बस. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हा माजी सैनिकांची वैद्यकीय योजना त्यांना खुली झाली. बाकीचं अजून पुरेसं आहे असं मला वाटत नाही. शिवाय पदवी अर्धवट. हे त्याला मी स्वतः सांगितलं. तो म्हणाला, "अंबाझरीला पळतानाही पाय मोडू शकते, मम्मी." नागपूरचं पाणी!

बाबा, तुमचा रस्ता चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. नागपुरातच इंजिनीअरिंग, सोबत एनसीसी, 'सी' सर्टिफिकेट, मग लेखी परीक्षेशिवाय एसएसबी आणि चेन्नईची अकादमी. डिग्री खिशात, आईच्या हातचं जेवण ताटात. मात्र ती भरती शॉर्ट सर्व्हिसची, आधी दहा वर्षांची. सुरुवातीपासून कायमचं कमिशन हवं, तर सीडीएस ही अधिकारी भरतीची लेखी परीक्षा आहे, तीही पदवीनंतर देता येते. म्हणजे हा रस्ता त्याला चोविशीपर्यंत खुला आहे. एनडीए आणि टीईएस साडेएकोणिसाला संपतात. जो दरवाजा आधी बंद होतो तो आधी ठोठवायचा, एवढंच माझं म्हणणं आहे. नाही उघडला, तर तुमचं इंजिनीअरिंग आहेच.

एनडीएचा फॉर्म डिसेंबरमध्ये निघतो. जन्मतारीख दहावीच्या सर्टिफिकेटवरचीच धरतात, आणि ते माझ्या अंदाजाने गोदरेजच्या कपाटात, विम्याच्या कागदांखाली आहे. काढून ठेवा. त्याचे डोळेही तपासून घ्या, रंग नीट ओळखता येतात का तेवढं डॉक्टरांना मुद्दाम विचारा. आणि आई, सकाळी पळून आला की चिखलाच्या बुटांवरून त्याला बोलू नकोस, बाहेरच्या नळावर धुवायला लाव.

तुमची,
ताई