मानारोलाहून आल्यावर

जेनोआ (इटली), 10 डिसेंबर

तीर्थरूप आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

परवा, 8 तारखेच्या सुट्टीत, आम्ही मानारोलाचा नाताळचा देखावा पाहून आलो. बाबा, तुम्ही तो पाहायलाच हवा, कारण तो उभा करणारे मारिओ आंद्रेओली तुमच्यासारखेच निवृत्त रेल्वे कर्मचारी होते.

समुद्रालगतच्या कड्यावर हे गाव वसले आहे. त्याच्या मागे दगडी बांध घालून केलेल्या द्राक्षमळ्यांच्या डोंगरावर आंद्रेओलींनी 1961 पासून कामाला सुरुवात केली आणि टाकाऊ सामानातून एकेक आकृती घडवत माणसाच्या उंचीच्या सुमारे 300 आकृत्या उभ्या केल्या. 2007 मध्ये गिनेस बुकानेही या देखाव्याची नोंद घेतली. ते आता हयात नाहीत; दिवे मात्र दरवर्षी लागतात, तेही सौरऊर्जेवर. उजेड असताना जवळून पाहिले तेव्हा वाकवलेल्या सळया, त्यांवर आवळलेल्या वायरी आणि ओळीने लावलेले बल्ब एवढेच दिसत होते. अंधार पडून बटण दाबले गेले मात्र, सळया दिसेनाशा झाल्या आणि मेंढपाळ, मेंढ्या, बाळाजवळ बसलेली मेरी असे सगळे नुसत्या प्रकाशाच्या रेषांत डोंगरभर उमटले.

आई, वसईत शेजारच्या अंगणात नाताळात येशूजन्माचा जो गोठा करतात, त्याची परंपरा इथल्याच ग्रेच्चो या खेड्याशी जोडली जाते. तिथे 1223 च्या नाताळात संत फ्रान्सिस यांनी गुहेत गव्हाण मांडून बैल आणि गाढव उभे केले होते. गुब्बिओ या गावी तर 1981 पासून अख्ख्या डोंगरउतारावर दिव्यांचे, 650 मीटरहून उंच झाड साकारतात, आणि तेही स्वयंसेवक. शहरातल्या बाजारपेठांची रोषणाई मीही हौसेने पाहते, पण गावकऱ्यांनी स्वतः तारा ओढून केलेली ही आरास मला कितीतरी अधिक मोलाची वाटते.

पुढच्या डिसेंबरात तुम्ही दोघे याच. मानारोलाला रेल्वेनेच जाता येते, स्थानकातून बोगद्याने चालत गावात पोहोचता येते आणि देखावा खालूनही दिसतो, त्यामुळे आईच्या गुडघ्यांना डोंगर चढण्याचा त्रास नाही. पासपोर्टची मुदत तेवढी पाहून कळवा. व्हिसाचे कागद मी इथून पाठवते.

तुमची,
मेधा